मेदेरच्या हातातली सुरी

कोचकोरच्या जनावरांच्या बाजारात मेंढ्यांच्या रांगेपासून साबण विकणाऱ्या बायकांपर्यंत कुणालाही विचारा, उल्कान एजेची एकच गोष्ट ऐकायला मिळते.

"अगं ती सुईवाली! वेड्यांच्या घरी जाते ती! तिनं चोलोक-तेरेकच्या एका वेड्याचा हात गुडघ्यावर धरून मोडला. काटकी मोडावी तसा. कट्ट! माझ्या जावेच्या भावानं रस्त्यापलीकडून आवाज ऐकला."

चार पावलं पुढं गेलात की दोन्ही हात मोडतात. लोकर विकणाऱ्या आजीपाशी पोचेपर्यंत मानसुद्धा मोडलेली असते, आणि दारावरचा तिकीटवाला तर त्या वेड्याच्या मातीला जाऊन आलेला असतो.

आता खरं काय ते. हात मोडला होता. कट्ट असा आवाजही झाला होता. पण हात उल्कान एजेचा होता, डावा, मनगटाच्या चार बोटं वर. आणि मोडणारा वेडा नव्हता. तो चोलोक-तेरेकच्या शाळेत कसरतीचा मास्तर होता, आणि त्याच्या भिंतीवर शिस्तीबद्दलची दोन प्रमाणपत्रं चौकटीत लावलेली होती.

एजे म्हणजे ताई. तिला सगळे एजेच म्हणतात, तिच्यापेक्षा मोठेसुद्धा. बुटकी, रुंद, डोक्याला फुलांचा रुमाल. बोलते नाकातून आणि प्रत्येक वाक्याच्या आधी जीभ टाळूला लावून एक टक् वाजवते. तिची नक्कल करायची तर नाक चिमटीत धरावं लागतं. टक्, ऐक हं. टक्, बस खाली. या दोन वाक्यांवर तिची सगळी नोकरी चाललेली आहे.

एकोणिसाव्या वर्षी ती नर्स म्हणून लागली ती मोठ्या भिंतीआडच्या वेड्यांच्या इस्पितळात. पहिल्याच दिवशी थोरल्या नर्सनं तिला दोर दिला, सुई नंतर. तिथं माणसाला ओल्या चादरीत गुंडाळत, चादर वाळली की ती आपोआप आवळत जाई. ओरडणाऱ्याला ताप आणणारी सुई टोचत, म्हणजे तो दोन दिवस नुसता कण्हत पडे. उल्कानच्या गाठी पक्क्या. मेंढपाळाची मुलगी, चालत्या घोड्यावर ओझं बांधायला शिकलेली. तिनं बांधलेला माणूस कधी सुटला नाही, आणि त्याबद्दल तिला शाबासकीही मिळायची.

नोकरीच्या अकराव्या वर्षी तिनं एका म्हाताऱ्या सुताराला खाटेला बांधलं आणि ती चहा प्यायला गेली. शेजारच्या खाटेवरचा तरुण उठला आणि त्यानं पितळी मगानं म्हाताऱ्याचं तोंड कुटायला सुरुवात केली. ओरडा ऐकून ती धावली. म्हातारा तोंडावर हात धरायला बघत होता, आणि हात येत नव्हते. त्याचा एक डोळा गेला. तपासणीला आलेल्या साहेबांनी कागदावर लिहिलं, कर्मचाऱ्यांची चूक नाही.

"टक्. चूक नाही," एजे अजून म्हणते. "गाठी कुणाच्या होत्या? माझ्या."

त्यानंतर तिनं माणूस बांधला नाही. इस्पितळाच्या खाटा कमी झाल्या, माणसं घरोघरी परत पाठवली गेली, तेव्हा त्यांच्या मागोमाग कुणीतरी जायला हवं होतं. एजे गेली. एक जुनी निवा गाडी, थंड पेटी, नारीनहून महिन्यातून एकदा येणारा डॉक्टर, अकरा गावं आणि एकाहत्तर माणसं. वीस वर्षं झाली.

ती शेजारीण म्हणून जाते. पांढरा कोट घालत नाही. गाडी दूर उभी करते, अंगणातूनच हाक मारते, आणि आत गेल्यावर आजारी माणूस आणि दार यांच्या मध्ये कधी बसत नाही. त्याला बाहेर पळावंसं वाटलं तर पळता यावं. घरात शिरण्याआधी कानातले काढून खिशात टाकते. हे शहाणपण उशिरा आलं, म्हणून डाव्या कानाच्या पाळीचे दोन भाग आहेत. पुढचा एक दात एका आईनं कलथ्यानं पाडला. "माझ्या लेकाला वेडा म्हणतेस?" एजेनं वेडा म्हटलंच नव्हतं. तिनं फक्त विचारलं होतं, हा जेवतो का.

वीस वर्षांत आजाऱ्यांनी तिला तीनदा मारलं. घरातल्या शहाण्यांनी अकरा वेळा.

त्या अकरातला सगळ्यात जोरदार फटका तोलोमुश मास्तरचा.

मास्तरचा धाकटा भाऊ मेदेर. कोक-बोरू या घोड्यांवरच्या खेळात त्याच्यासारखा गडी दऱ्याखोऱ्यांत नव्हता. मुंडकं कापलेलं बोकडाचं धड मांडीखाली दाबून घोडा फेकायचा, आणि समोरच्यांनी चाबकानं तोंड फोडलं तरी धड सोडायचं नाही. मेदेर रक्ताळलेल्या तोंडानं हसायचा. चोविसाव्या वर्षी त्याला वाटायला लागलं, आपले गडी आपल्याच घोड्याच्या कानात काहीतरी सांगतात. वसंताच्या सणाला, भर सामन्यात, त्यानं धड टाकून दिलं आणि स्वतःच्याच कप्तानाच्या तोंडावर चाबूक ओढला. गाल ओठापासून कानापर्यंत उघडला. मग त्याच्याच गड्यांनी त्याला खाली ओढून टाचांनी तुडवलं. तीन बरगड्या.

घरच्यांनी जिन्न काढणारा बुवा आणला. बुवानं सात दिवस मेदेरच्या पाठीवर चाबूक चालवला. आठव्या दिवशी बुवाचाच खांदा धरला. मेदेर तसाच. मग तोलोमुशनं त्याला मेंढ्यांच्या गोठ्यात नेलं आणि खांबाला साखळी घातली. गावात सांगितलं, मेदेर रशियाला गेला, कामाला. बाप तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता. धाकट्याला शेवटचं न बघताच तो गेला.

सेयिलकान आपा, दोघांची आई, पाण्याला आली होती. झऱ्यावर एजे बादली भरत होती. आपा इकडचं तिकडचं बोलली आणि जाता जाता म्हणाली, "माझा रशिया गोठ्यात आहे गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी एजे त्यांच्या अंगणात. तोलोमुश शेण ओढायचं फावडं घेऊन आडवा आला.

"कुठं निघालीस?"

"टक्. ऐक हं, मास्तर. मेदेरला भेटायचंय."

"तो रशियात आहे."

गोठ्यात साखळी वाजली.

"रशिया बराच जवळ आलाय की," एजे म्हणाली आणि चालायला लागली.

त्यानं फावडं फिरवलं. तिनं डोकं वाचवायला हात वर केला, आणि कट्ट. एजे शेणात गुडघ्यावर बसली. मास्तर दुसरा फटका मारायला फावडं उचलतोय तोच आपा घरातून धावत आली. तिच्या हातात नान होता. आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला भाकरीचा तुकडा चाखल्याशिवाय जाऊ देत नाहीत, मग तो कर वसूल करायला आलेला का असेना. ओरडायचं की अडवायचं हे न सुचून आपानं सवयीनं नान पुढं केला.

एजेनं उजव्या हातानं तुकडा तोडला. तोंडात घातला. सावकाश चावला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक वाहत होतं, आणि ती चावत होती.

"टक्. तुझ्या घरची भाकरी खाल्ली," ती मास्तरला म्हणाली. "आता मी पाहुणी. मार बघू."

मास्तरचं फावडं तिथंच वर. पाहुणीला मारलं असतं तर गावानं त्याला मशिदीत पाय ठेवू दिला नसता. त्याचा चेहरा असा झाला म्हणे, जसा परीक्षेत पोरांचा होतो.

"आता माझा हात बांध," एजे म्हणाली. "कसरतीचा मास्तर ना तू? पोरांचे हातपाय बांधायला शिकवलं असेल की."

मग ज्यानं मोडला त्यानंच विलोच्या झाडाच्या दोन फांद्या तासून तिचा हात बांधला. ती सारखी बोलत होती. "घट्ट. अजून घट्ट. अरे, भावाला बांधताना एवढा हळुवार नव्हतास."

गोठ्यात मेदेर खांबाला टेकून बसला होता. घोट्याभोवतीचं कातडं साखळीबरोबर निघून आलेलं, त्यावर माश्या.

"कोण तू?"

"नर्स."

"हाताला काय झालं?"

"तुझ्या भावानं मारलं."

मेदेरनं फांद्यांकडं पाहिलं. "जोर आहे त्याच्यात. नेम नाही. मला मारतो तेव्हा भिंतीला जास्त लागतं."

"टक्. ऐक हं. सुई आहे माझ्याजवळ. महिन्यातून एकदा. आवाज कमी होतात. सगळे जातीलच असं नाही. तू हो म्हणालास तर."

"नाही."

"बरं." ती लेंड्यांतच मांडी घालून बसली.

बऱ्याच वेळानं मेदेर म्हणाला, "आधी साखळी."

मास्तर कुलूप उघडायला तयार नव्हता. "तो आपल्याला ठार मारेल! तू पाहिलं नाहीस त्याला!"

"मग मी इथंच. पाहुणी तीन दिवस राहू शकते. मला दुपारी मांस लागतं."

ऊन कललं तेव्हा मास्तरनं किल्ली फेकली आणि दारामागं पळाला. साखळी सुटली. मेदेर उठला, साखळी हातात गुंडाळली, आणि गव्हाणीवर हाणली. पुन्हा. पुन्हा. लाकूड फुटलं, खिळे उडाले, मेंढ्या एकमेकींच्या अंगावर चढल्या, बाहेर आपा छाती बडवत होती. एजे जागची हलली नाही. गव्हाणीचा पार भुगा झाला तेव्हा मेदेरचे तळवे सोललेले होते. त्यानं साखळी खाली टाकली आणि तिच्याकडं पाठ करून पँट सैल केली.

"टोच."

सुई देऊन झाल्यावर मग ती स्वतःच्या हाताला प्लास्टर घालायला कोचकोरला गेली. एका हातानं गाडी चालवत. बाजारातली गोष्ट त्या प्रवासात सुरू झाली.

त्यानंतर दर महिन्याला सुई. पहिल्या चार महिन्यांत मेदेर नुसता झोपायचा. मग मेंढ्या चारायला लागला. आवाज कमी झाले. पूर्ण गेले नाहीत, पण तो म्हणायचा, "आता ते शेजारच्या घरात भांडतात, माझ्या घरात येत नाहीत." घरातल्या सगळ्या सुऱ्या मात्र आपाच्या पेटीत कुलूपबंद. किल्ली आपाच्या गळ्यात. मांस कापायचं तर आपा तुकडा घेऊन शेजारी जायची.

तोलोमुशनं तोवर एक कागद मिळवला होता. डोंगरापलीकडं एक सरकारी घर आहे, तिथं अशा माणसांना कायमचं ठेवून घेतात. तिथून परत आलेला माणूस कुणी पाहिलेला नाही. कागदावर फक्त मास्तरची सही राहिली होती. कागद आरशामागं खोचलेला, आणि मेदेर रोज त्या आरशात बघून दाढी करायचा.

"बाबांचं वर्षाचं जेवण होऊ दे," मास्तर एजेला म्हणाला. "माझे सासरे येणार, ओर्मोनबेक. चाळीस माणसं घेऊन. व्याह्यांसमोर यानं काही केलं तर? जेवण झालं की सही करतो."

मेदेर चुलीपाशी बसला होता. तो म्हणाला, "बापाच्या जेवणाचं मांस धाकटा मुलगा कापतो. मी अजून मेलेलो नाही."

आपाचा हात गळ्यातल्या किल्लीकडं गेला.

"टक्," एजे म्हणाली. "ऐक हं, मास्तर. त्याला सुरी दे."

"तुला वेड लागलंय का?"

"असेल. माझीही पाळी येईल. त्याला सुरी दे. त्यानं त्या दिवशी कुणावर हात उचलला, तर मी स्वतः त्याला गाडीत घालून डोंगरापलीकडं पोचवते. नाही उचलला, तर तो कागद चुलीत."

मास्तरनं मेदेरकडं पाहिलं. "कुणावरही?"

"कुणावरही."

"तुझ्यावरसुद्धा?" मेदेरनं भावाला विचारलं.

"माझ्यावर तर आधी!"

अडचण वेगळीच होती. सुईमुळं मेदेरचे हात थरथरायचे. उकडलेलं मांस धाग्यासारखं बारीक कापावं लागतं, आणि म्हातारे हाताकडं बघूनच घराची लायकी ठरवतात. एजेनं डॉक्टरच्या मागं लागून सुई थोडी कमी करवली, थरथरीची गोळी आणली. सुऱ्या तर कुलुपात, म्हणून मेदेरनं दोन महिने चमच्याच्या दांड्यानं उकडलेले बटाटे कापले. घरादारानं दोन महिने कुस्करलेले बटाटे खाल्ले. मास्तर तेवढ्यावरूनही चिडायचा.

शरदात जेवण झालं. तीन लोकरी तंबू, एक घोडी कापलेली, मेंढ्या निराळ्या. मोठ्या तंबूत व्याही वरच्या अंगाला, गाववाले खाली. आपानं पेटी उघडली आणि मेदेरच्या हातात लांब पात्याची सुरी ठेवली. दोन बायकांनी पोरं पदराआड ओढली. एजे मेदेरच्या समोर, हाताच्या अंतरावर बसली. कानातले खिशात.

मेदेर कापायला लागला. एकसारखं, बारीक, पात्याचा आवाजही नाही. म्हातारे माना हलवायला लागले. ओर्मोनबेक व्याही, मोठ्या पोटाचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा, म्हणाला, "हात आहे पोरात!"

आणि तेव्हा मास्तरनं घोळ केला.

आमच्याकडं प्रत्येक हाडाला मान असतो. कमरेचं हाड सगळ्यात मोठ्या पाहुण्याला, पुढच्या पायाची नळी धाकट्या पोरांना आणि घरजावयांना. तोलोमुश सकाळपासून मेदेरच्या सुरीकडं एक डोळा ठेवून होता. उरलेल्या एका डोळ्यानं तो ताटं वाटत होता. त्यानं कमरेचं हाड दिलं गावच्या गाढवांच्या डॉक्टरला, आणि सासऱ्याच्या पुढ्यात ठेवली पुढच्या पायाची नळी.

ओर्मोनबेकनं नळी दोन बोटांत उचलली.

"हे काय?"

"मांस, ता... ताता," मास्तर म्हणाला.

"हे कुत्र्याच्या पिल्लाला देतात. माझी मुलगी दिली मी या घरात. माझी किंमत ही?"

"चूक झाली, मी..."

"चूक? घोडी कापून चूक करता? याचं लक्ष त्या वेड्याकडं आणि आमचं मांस गाढववाल्याकडं!"

हे ऐकून गाढववाल्या डॉक्टरनं कमरेचं हाड चटकन खाली ठेवलं. ओर्मोनबेकनं तेच हाड उचललं आणि जावयाच्या कपाळावर हाणलं.

मास्तर मागं कोलमडला. उठला, शिस्तीची दोन प्रमाणपत्रं असलेला माणूस, आणि त्यानं सासऱ्याच्या जबड्यावर ठोसा मारला. ओर्मोनबेकचा टोप उडाला, खालचा दात रश्श्यात पडला. मग तंबू उठला. व्याह्यांचे मुलगे आले, गाववाले आले. कुणी कुणाची दाढी धरली, कुणी समोवार उचलला, उकळतं पाणी एकाच्या मांडीवर गेलं आणि तो मेंढीसारखा ओरडत बाहेर पळाला. घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कुमिसची, कातडी पिशवी फुटली. एक म्हातारा दुसऱ्याच्या पोटावर बसून त्याला तळलेले बोर्सोक भरवत होता, म्हणजे कोंबत होता, आणि म्हणत होता, "खा! कमी पडलं ना? खा!" तंबूची एक काठी तुटली आणि छताची एक बाजू सगळ्यांच्या डोक्यावर आली.

मेदेर कापत होता.

एजे बघत होती त्याचे हात. पात्यावर बोटं पांढरी झाली होती. तो ओठांनी काहीतरी पुटपुटत होता, शेजारच्या घरातल्यांना गप्प करत असावा.

ओर्मोनबेकचा मधला मुलगा, बैलासारखा गडी, गर्दीतून आला आणि त्यानं मेदेरच्या तोंडावर लाथ घातली. सरळ नाकावर. रक्ताची चिळकांडी उडाली. मेदेरच्या हातात सुरी, गडी त्याच्या अंगावर वाकलेला, त्याचा गळा पात्यापासून वीतभर. आपाची किंकाळी निघाली. एजेनं हात पुढं केला नाही. नंतर ती म्हणाली, हात पुढं केला असता तर मेदेर पुन्हा बांधलाच गेला असता.

मेदेरनं डाव्या हातानं मांसाचं ताट आपल्याकडं ओढलं आणि बाजूला सरकवलं.

"अरे बाजूला हो," तो नाकातून रक्त गाळत म्हणाला. "मांसात पडतंय. बाबांचं जेवण आहे."

तो गडी तसाच वाकलेला राहिला. मग त्यानं सुरीकडं पाहिलं, पहिल्यांदाच. त्याचा रंग उतरला आणि तो मागच्या मागं सरकत गेला. त्याला बघून त्याच्या मागचा थांबला, त्याला बघून तिसरा. भांडण मिटलं नाही, दमलं. माणसं जिथं होती तिथं बसली, कुणी नाक दाबत, कुणी दात शोधत. मेदेरनं बाहीनं तोंड पुसलं, उरलेलं मांस कापलं, कमरेचं हाड धुऊन घेतलं आणि दोन्ही हातांनी ओर्मोनबेकच्या पुढं ठेवलं.

"घ्या, ताता. थोडं लागलंय कपाळाचं, पण हाड तेच आहे."

ओर्मोनबेकनं सुजलेल्या जबड्यानं त्याच्याकडं पाहिलं. मग जावयाकडं. "या घरात शहाणा कोण ते आधी सांगायचं ना," तो म्हणाला, आणि जेवायला लागला.

मास्तर कपाळाला ओला रुमाल लावून बसला होता. आपा उठली, घरात गेली, आरशामागचा कागद घेऊन आली आणि नवीन समोवार पेटवायला तो खाली सारला. मास्तरनं तोंड उघडलं.

"टक्," एजे म्हणाली. "कुणावर हात उचलला त्यानं?"

"नाही उचलला," मास्तर म्हणाला. मग कण्हत म्हणाला, "पुढच्या वेळी हाडंही त्यालाच वाटू दे. माझ्याच्यानं नाही होत."

आता राहिली माझी गोष्ट, ती लपवून चालणार नाही. मी एजेच्या शेजारची. जेवणाच्या आदल्या दिवशी मी नाक चिमटीत धरून तिचीच नक्कल करत तिला म्हणाले होते, "टक्, ऐक हं, पहिला हात मेदेरच उचलणार." ती चिडली नाही. म्हणाली, लाव पैज. मी मेदेरवर लावली. ती म्हणाली, मी शहाण्यांवर लावते, कुठलाही शहाणा चालेल. मी हरले तर काय, हे तिनंच ठरवलं होतं. आमच्याकडं जेवणाच्या शेवटी मोठं माणूस कापलेल्या मांसाची मूठ भरून धाकट्याच्या तोंडात घालतं. मी हरले तर ती मूठ मला मेदेरच्या हातून खायची होती. मेदेरनं हात लावलेला कपसुद्धा गावात कुणी तोंडाला लावत नव्हतं.

एजेनं बोटानं मला बोलावलं. सगळा तंबू बघत होता, सुजलेल्या डोळ्यांनी. मी मेदेरच्या समोर गुडघे टेकून तोंड उघडलं. त्यानं मूठ भरली, कोक-बोरूवाल्याची मूठ, आणि पार घशापर्यंत कोंबली. माझे डोळे पाण्यानं भरले, गाल फाटायला आले.

"टक्," एजे म्हणाली. "आता कर माझी नक्कल."